व्हीडीसी, सीताफळाचा सी

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. काट्यावर सोयाबीनची रांग लागलेली, चार ट्रॅक्टर, दोन मेटाडोर आणि सगळ्यांत मागे एक बंडी. काटेवाल्या काकांनी ओलावा मोजला, साडेअकरा भरला. मीटरचा फोटो काढला, पावतीचं बटण दाबलं. पावती निघेना. पुन्हा दाबलं तर लाल पट्टी आली. काका खिडकीतून ओरडले, "काहून बे, तुयं मशीन रुसलं काय?"

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे आणि तिचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. कॉम्प्युटरचं काम म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून मुंबईतल्या क्लाउड सर्व्हरपर्यंत सगळं. पूर्वी आमच्याकडचा कापूस शकुंतला या छोट्या रेल्वेनं मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला जायचा. आता मोबाइलच्या टॉवरवरून फोटो जातात. प्रत्येक गाडीचे तीन फोटो: ओलाव्याचं मीटर, काट्याचा आकडा आणि सातबारा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची अट असते, आणि कटतीवरून भांडण झालं की फोटोच कामी येतो. त्यामुळे फोटो पुसायचे नाहीत, असा अध्यक्ष भाऊंचा हुकूम. दोन हंगामांत फोटो 26 जीबी झाले होते. सर्व्हरची मूळ डिस्क 40 जीबीची.

लॅपटॉप उघडून डीएफ चालवलं, ही डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड. मूळ डिस्क 100 टक्के. डेटाबेसला एक ओळ लिहायला जागा नव्हती, मग पावती कुठून निघणार? त्या वेळेपुरते सिस्टिमचे जुने लॉग छाटले, अपडेटच्या उतरवून ठेवलेल्या फायली उडवल्या. दोन-अडीच जीबी मोकळे झाले आणि रांग सरकली. पण हे म्हणजे भरल्या कोठीतून दोन पायल्या काढून जागा करण्यासारखं होतं.

संध्याकाळी पुण्याच्या मावसभावाला, म्हणजे दादाला, फोन लावला. तो एका कंपनीत सर्व्हरच सांभाळतो. त्याचा पहिला प्रश्न, "स्नॅपशॉट घेतला काय?" स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची त्या क्षणाची नक्कल. नव्हता घेतला. "मंग आधी तो घे, बाकीचं नंतर बोलू."

मला वाटत होतं, आहे तीच डिस्क मोठी करून घ्यावी. क्लाउडवर ते सोपंही असतं. दादा म्हणाला, करता येतं, पण फोटो वाढतच राहणार, आणि फोटोंच्या पायी पुन्हा एखाद्या दिवशी अख्खी सिस्टिम बसणार. वेगळी डिस्क असली तर ती भरेल तेव्हा फक्त फोटो अडतील, पावत्या निघत राहतील. शिवाय उद्या सर्व्हर बदलला तर डिस्क उचलून दुसऱ्याला लावता येते. आणि एक लक्षात ठेव म्हणाला, क्लाउडची डिस्क मोठी करता येते, लहान करता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी 500 ची घेऊन भाडं भरत बसू नको. शंभरची ठरवली.

रविवारी काटा बंद असतो. सकाळीच बसलो. क्लाउडच्या वेबसाइटवरच्या पॅनेलवर 100 जीबीची डिस्क तयार केली, सर्व्हरला जोडायला गेलो तर यादीत ती दिसेचना. वीस मिनिटं पान ताजं करत बसलो. शेवटी दिसलं की सर्व्हर एका झोनमध्ये आणि डिस्क दुसऱ्या. शहर तेच, पण झोन वेगळा, आणि झोन वेगळा असला की डिस्क लागत नाही. पहिली पुसली, नवी केली, जोडली.

आमच्या ऑफिसात वायफाय आहे, पण लाइन असेल तर. त्या दिवशी दहालाच लाइन गेली. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आलो आणि लॅपटॉप घेऊन पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर जाऊन बसलो, कारण रेंज तिथेच धड असते. नेट सर्व्हरपुरतं राखून ठेवलं आणि दादाला दुसऱ्या सिमवरून साधा फोन लावला. म्हणजे पुढचं सगळं तोंडी झालं. दादा अक्षरं सांगतो, मी टाइप करतो.

"एल, एस, बी, एल, के. सगळी लहान अक्षरं. एंटर मार. काय दिसून रायलं?"

तीन डिस्क दिसत होत्या. व्हीडीए 40 जीबी, ही सिस्टिमची. व्हीडीबी 20 जीबी, ही मीच मागच्या वर्षी डेटाबेसच्या बॅकअपसाठी लावलेली, पुढे तिचा फोल्डरही दिसत होता. आणि व्हीडीसी 100 जीबी, पुढे काहीच नाही. ही नवी.

इथे दादानं मला थांबवलं. आकार जुळला म्हणून हात घालायचा नाही, डिस्क खरंच कोरी आहे का ते पाहायचं. ब्लकआयडी म्हणून एक कमांड आहे, ती डिस्कवर आधी कोणती फाइल सिस्टिम, म्हणजे फायली मांडायची पद्धत, आहे ते सांगते. व्हीडीसीबद्दल ती गप्प राहिली. गप्प म्हणजे कोरी.

मग पार्टिशन करायचं, म्हणजे डिस्कचे भाग आखायचे, की नाही यावर थोडं बोलणं झालं. दादाच्या ऑफिसात प्रत्येक डिस्कवर पार्टिशन करतात, म्हणजे दुसऱ्या कोणी पाहिली तर ती रिकामी समजून त्यावर हात मारत नाही. त्यातही जुनी एमबीआर पद्धत 2 टीबीच्या पुढे चालत नाही, म्हणून जीपीटी ही नवी पद्धत. पण आमच्या सर्व्हरवर मी सोडून कोणी जात नाही, आणि अख्खी डिस्क एकच फाइल सिस्टिम असली की पुढे वाढवताना एक पायरी वाचते. एवढंसं वावर, त्यात धुरे कशाला पाडायचे? पार्टिशन नाही केलं.

फाइल सिस्टिम ईएक्सटी4. एक्सएफएसचंही नाव निघालं. दादाला ती आवडते, मोठ्या फायलींना ती चांगली. पण ती वाढवता येते, आकसता येत नाही, आणि मूळ डिस्कवर ईएक्सटी4 आधीच होती. मला दोन गोष्टी शिकायच्या नव्हत्या.

आता ती कमांड, जिच्यापायी मी आजही दादाचं बोलणं खातो. एमकेएफएस. तिला डिस्कचं नाव द्यायचं असतं, आणि ज्या डिस्कचं नाव द्याल ती साफ होते. दादा सांगत होता, "एमकेएफएस डॉट ईएक्सटी4, स्पेस, स्लॅश डेव्ह स्लॅश, व्ही, डी..." आणि तिथे त्याला आठवलं, "अन् आधी लेबल बी टाक."

आमच्या बोलीत 'बी' म्हणजे 'सुद्धा'. तो म्हणत होता लेबलसुद्धा टाक. मी व्ही, डी, बी टाकलं आणि एंटर मारलं.

स्क्रीनवर एक ओळ आली. मी ती वाचून दाखवली. व्हीडीबी माउंट झालेली (फोल्डरला लावलेली) आहे, इथे फाइल सिस्टिम बनवणार नाही. फोनवर पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग, "तू व्हीडीबी टाकलं? बॅकअपची डिस्क हाय ना बे ते!"

वाचलो ते एवढ्याचसाठी की ती डिस्क त्या वेळी लावलेली होती आणि एमकेएफएस चालू डिस्कला हात लावायला नकार देते. निखळलेली असती, तर त्यावर जुनी फाइल सिस्टिम दिसतेय, पुढे जाऊ का, एवढं विचारलं असतं. आणि मी त्या भरात हो म्हटलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. घाम फुटला, तो ऑक्टोबरच्या उन्हाचा नव्हता.

त्यानंतर दादानं पद्धत बदलली. "बी बैलाचा, सी सीताफळाचा, डी डवऱ्याचा. अन् एंटर मारायच्या आधी पूर्ण ओळ मले वाचून दाखव." व्ही, डी, सी सीताफळाचा. वाचून दाखवलं. "मार."

इतकी भीती घालणारं काम काही सेकंदांत झालं. 100 जीबी एवढ्यात कसं, म्हणून मला शंकाच आली. तर ईएक्सटी4 तेव्हा फक्त चौकट आखून घेते, फायलींच्या नोंदीच्या तक्त्यांची उरलेली साफसफाई पहिल्यांदा माउंट केल्यावर मागच्या मागे करत बसते.

याच कमांडमध्ये दादानं एक आकडा घालायला लावला होता, एम आणि 1. ईएक्सटी4 ठरल्याप्रमाणे 5 टक्के जागा रूट, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. सिस्टिमच्या डिस्कवर ते बरोबर आहे, डिस्क भरली तरी रूटला आत येऊन सफाई करता येते. पण नुसत्या फोटोंच्या डिस्कवर 5 जीबी अडवून काय करायचे? एक टक्का पुरे. एवढं करूनही डीएफमध्ये आकार 98 जीबीच दिसला. राहिलेली जागा नोंदींच्या तक्त्यांना जाते. दर 16 केबीमागे एक नोंद, म्हणजे आमच्या डिस्कवर 65 लाखांवर नोंदी, आणि एकेक नोंद 256 बाइटची. गुणाकार केला तर दीड जीबीच्या वर जातो. तेवढ्यावर माझं समाधान झालं.

इथवर आल्यावर मला जोर चढला. दादाला म्हटलं, आता मी पाहतो, जेवून घे. आणि नवी डिस्क सरळ फोटोंच्या फोल्डरवर माउंट केली. माझा हिशोब असा की फोल्डर तोच राहील, फक्त जागा वाढेल.

पाचच मिनिटांत काटेवाल्या काकांचा फोन. रविवारीही ते घरून जुन्या पावत्या चाळत बसतात, हे मला माहीत नव्हतं. "पोरा, कालचे फोटो कुठी गेले? परवाचे बी नाही दिसून रायले."

फोल्डर उघडून पाहिला. आत लॉस्ट अँड फाउंड नावाचा एक फोल्डर, बस. हरवलं-सापडलं असं नाव असलेला फोल्डर अशा वेळी एकटा समोर दिसणं यासारखी थट्टा नाही. तो फॉर्मॅट करताना आपोआप होतो आणि डिस्क बिघडून दुरुस्त केली तर सापडलेले तुकडे त्यात पडतात, हे नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं दोन हंगामांचे फोटो गेले.

दादाला जेवणावरून उठवलं. तो हसायला लागला, त्याचा मला रागच आला. "गंजीवर ताडपत्री टाकली तं गंजी जाते काय कुठी?" तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. फोल्डरवर डिस्क माउंट केली की खालचं झाकलं जातं. पुसलं जात नाही, पण दिसत नाही आणि जागाही अडवून बसतं. ताडपत्री काढायची, म्हणजे अनमाउंट.

अनमाउंट होईना. डिस्क वापरात आहे म्हणे. कोण वापरतंय ते शोधलं, तर मीच. माझं टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, त्याच फोल्डरात उभं होतं. बाहेर पडलो, पुन्हा कमांड दिली, आणि सगळे फोटो जागच्या जागी. काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मले वाटलंच, मोबाइलची रेंज असंन." मी हो म्हणालो.

मग शिस्तीत केलं. नवी डिस्क बाजूच्या एका रिकाम्या फोल्डरवर माउंट केली आणि आरसिंकनं फोटो नकलायला लावले. फायलींची मालकी, परवानग्या, तारखा जशाच्या तशा जाव्यात म्हणून त्याला ए हा पर्याय द्यायचा. आणि ज्या फोल्डरातून घ्यायचं त्याच्या शेवटी तिरपी रेघ द्यायची, नाहीतर फोल्डरात फोल्डर होऊन बसतो. हे सगळं मुंबईतल्या मुंबईत चालतं, आमच्या गावच्या नेटचा त्यात काही संबंध नाही. फक्त जोडणी तुटली तर चालू काम मध्येच मरतं. म्हणून ते टीमक्समध्ये सुरू केलं. टीमक्स म्हणजे सर्व्हरवरच उघडी राहणारी खिडकी, आपण गेलो तरी काम चालू राहतं. आणि रेंज दोनदा गेलीच. तिसऱ्यांदा आत आलो तेव्हा नक्कल संपत आली होती.

शेवटी सॉफ्टवेअर बंद करून आरसिंक पुन्हा एकदा फिरवलं, मधल्या वेळात काही नवं आलं असेल तर तेवढंच घ्यायला. जुन्या फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवला, त्याच्या जागी रिकामा फोल्डर केला, डिस्क त्यावर माउंट केली. नव्या डिस्कचं सगळ्यात वरचं फोल्डर रूटच्या मालकीचं असतं, सॉफ्टवेअरला तिथे लिहिता येत नाही. आरसिंकनं मालकी बरोबर आणली होती, तरी तपासून घेतली. एक फोटो चढवून पाहिला. चढला.

राहिली एफस्टॅब या फाइलमधली ओळ. ती नसली तर सर्व्हर पुन्हा चालू झाल्यावर डिस्क आपोआप लागत नाही. एका ओळीत सहा गोष्टी: कोणती डिस्क, कुठे लावायची, फाइल सिस्टिम, पर्याय आणि शेवटी दोन आकडे. दादानं जाताजाता सांगितलं होतं, पहिल्या जागी डिस्कचं नाव लिहू नको, यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख नंबर, लिही. मी ब्लकआयडीनं तो पाहिला. रेघा धरून 36 अक्षरं. माउसनं उचलून चिकटवायला किती वेळ लागला असता? पण मी थकलो होतो, ऊन चढलं होतं, लॅपटॉपची बॅटरी 12 टक्क्यांवर होती, आणि व्हीडीसी लिहून चालत होतं. लिहिलं.

आठवडाभर थांबून जुना फोल्डर पुसला. मूळ डिस्क तीस टक्क्यांच्या आसपास आली. अध्यक्ष भाऊंना आकडा दाखवला, ते म्हणाले, "बरं झालं," आणि दिवाळीच्या पगाराकडे वळले.

दिवाळीनंतर काटकसर सुचली. नव्या डिस्कवर एवढी जागा आहे, तर 20 जीबीच्या बॅकअप डिस्कचं भाडं कशाला? बॅकअप नव्या डिस्कवर हलवला. शिवाय त्याची रोज एक प्रत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरते, कारण त्याच सर्व्हरवरच्या बॅकअपला मी बॅकअप मानत नाही. जुनी डिस्क एफस्टॅबमधून काढली, पॅनेलवरून सोडवली. अपडेट आले होते म्हणून रात्री नऊला सर्व्हर रीस्टार्ट केला.

सर्व्हर आलाच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत शिरता येईना. पॅनेलवर एक कन्सोल असतो, ब्राउझरमध्ये सर्व्हरची स्क्रीन दाखवतो. तो दोन काड्यांच्या रेंजवर उघडायला किती वेळ लागला ते विचारू नका. त्यात दिसलं की सर्व्हर दीड मिनिट व्हीडीसीची वाट पाहत थांबला होता, ती आली नाही म्हणून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसला होता, आणि रूटचं खातं बंद असल्यामुळे तिथेही आत घेत नव्हता. क्लाउडच्या सर्व्हरवर बहुधा रूटला पासवर्ड ठेवलेलाच नसतो.

व्हीडीसी गेली कुठे? कुठेच नाही. मधली व्हीडीबी मी काढली होती, म्हणून तीच आता व्हीडीबी झाली होती. ही नावं डिस्क ज्या क्रमानं सापडतात त्या क्रमानं पडतात. नाल्याकडून तिसरं वावर असा पत्ता द्यावा आणि मधलं वावरच निघून जावं, तसं झालं. वावराला गट नंबर असतो तो याचसाठी. डिस्कचा गट नंबर म्हणजे यूयूआयडी. फॉर्मॅट करताना तो डिस्कवरच लिहिला जातो आणि तिला कुठेही लावली तरी तोच राहतो.

त्या रात्री दादाला फोन केला नाही. लाज वाटली. पॅनेलवर रेस्क्यू मोड होता, त्यात सर्व्हर दुसऱ्याच एका छोट्या सिस्टिमवर उठतो आणि आपली डिस्क बाजूला ठेवतो. तिथून मूळ डिस्क माउंट केली आणि तिच्यातली एफस्टॅब उघडली. ब्लकआयडीवरून 36 अक्षरं घेतली. त्या कन्सोलमध्ये चिकटवता येत नव्हतं, म्हणून एकेक टाइप केली आणि दोनदा ताडून पाहिली. ज्या कामाचा रविवारी कंटाळा केला तेच रात्री साडेदहाला बोटानं मोजत केलं. पर्यायांत नोफेलही घातलं, म्हणजे डिस्क नाही सापडली तरी सर्व्हर उठेल.

नोफेलचीही एक खोड आहे. डिस्क लागली नाही तर सॉफ्टवेअरला ते कळत नाही. फोल्डर आहेच, मग ते बिनघोर मूळ डिस्कवर फोटो टाकत राहतं, आणि फिरून तीच 100 टक्क्यांची गोष्ट. त्यावर उपाय म्हणून डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर या कमांडनं कुलूप घातलं, आय हा पर्याय. आता डिस्क नसेल तर तिथे कोणालाच लिहिता येत नाही, लगेच लाल पट्टी येते आणि काका ओरडतात.

सर्व्हर नेहमीच्या पद्धतीनं उठला तेव्हा अकरा वाजून गेले होते. एफस्टॅबला हात लावला की आता मी आधी फाइंडमाउंटनं ती फाइल तपासून घेतो, मग माउंट-ए चालवतो, आणि काटा बंद असतानाच एकदा रीस्टार्ट करून पाहतो.

डिसेंबरात क्लाउडचं बिल आलं. अध्यक्ष भाऊंनी बोट ठेवलं, "हे 20 जीबीचं कायचं भाडं देऊन रायलो आपण?" सर्व्हरपासून सोडवलेली डिस्क पुसली जात नाही, ती तशीच पडून राहते आणि भाडं चालू राहतं. मी तिला विसरलो होतो. तुरीची आवक सुरू व्हायच्या आत पॅनेल उघडलं, डिस्क निवडली, पुसा म्हटलं. खात्रीसाठी डिस्कचं नाव टाइप करा, असं आलं. आधी आकार वाचला, 20. सर्व्हरला जोडलेली नाही, हेही वाचलं. मग मोठ्यानं एकेक अक्षर म्हणत नाव टाकलं. शेजारी काका चहा पीत बसले होते, म्हणाले, "कोणाशी बोलून रायला बे?"